सत्तर गुंठे आणि चार सीमा

गोरखपूरहून निघालेली आमची बस सुनौलीला पोचली तेव्हा गाडीत पंचेचाळीस माणसे होती आणि पासपोर्ट एकाकडेही नव्हता. काशी, गोरखपूर, लुंबिनी, पशुपतिनाथ अशी ती सहल. महाराष्ट्रातून वर्षानुवर्षे निघते तीच. माझ्या पुढच्या सीटवरच्या काकूंनी मतदार ओळखपत्र पिशवीतून काढून अर्धा तास मुठीत धरून ठेवले होते. ते कोणी पाहिलेसुद्धा नाही. पाय मोकळे करायला उतरलो, कमानीखालून चालत गेलो आणि परदेशात पोचलो. पलीकडच्या टपरीवरचे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे होते. चुकलेले नव्हते, नेपाळची वेळच आपल्याहून पाव तास पुढे आहे. आमच्या मागोमाग पाठीवर मोठाल्या सॅक लावलेले एक युरोपीय जोडपे आले. त्यांना खिडकीशी थांबावे लागले. पासपोर्ट, फोटो, डॉलर, फॉर्म. आमचा चहा झाला, दुसरा कप झाला, तरी ते दोघे खिडकीशीच.

कमान तीच आणि चिखलही तोच. काकूंनी ओळखपत्र परत पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, "एवढंच? मग लोक पासपोर्टसाठी एवढी धावाधाव कशाला करतात?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. परदेशात जायचे तर पासपोर्ट लागतो हे आपण पाठ केलेले असते, आणि परदेश म्हणजे लांब असेही गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात पासपोर्टचा अंतराशी काडीचाही संबंध नाही. भारत आणि नेपाळ यांची सीमा १,७५१ किलोमीटर लांब आहे. मुंबईहून रस्त्याने दिल्ली गाठलीत तरी त्यातले साडेतीनशेएक किलोमीटर उरतील. १९५० सालच्या मैत्रीच्या करारामुळे ही सगळी रेषा दोन्हीकडच्या लोकांना पासपोर्टविना ओलांडता येते. विमानाने जायचे असेल तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हवे. आधार कार्ड चालते ते फक्त पंधरा वर्षांच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना. भूतानलाही मतदार ओळखपत्रावर जाता येते. आणि आता पंजाबात या. डेरा बाबा नानकच्या सीमेपासून पाकिस्तानातल्या कर्तारपूरचा गुरुद्वारा जेमतेम चार किलोमीटर. २०१९ च्या नोव्हेंबरात तिथला मार्गिकेचा दरवाजा उघडला तेव्हा यात्रेकरूंना व्हिसा माफ झाला, पण पासपोर्ट मात्र जवळ ठेवावाच लागे. शिक्का बसत नसे, तरी पुस्तिका हवीच. काठमांडूला मतदार कार्ड पुरते आणि चार किलोमीटरवरच्या गुरुद्वाऱ्याला पासपोर्ट.

आता जरा मोठे आकडे घेऊ. २०२४ साली जगभरात सुमारे १४० कोटी वेळा कोणी ना कोणी आपला देश सोडून दुसऱ्या देशात मुक्कामाला गेले, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचा हिशेब आहे. १९५० साली हाच आकडा अडीच कोटी होता. मधल्या काळात जगाची लोकसंख्या तिपटीहून थोडी जास्त वाढली. प्रवास छप्पन्न पट. १४० कोटी म्हणजे दिवसाला ३८ लाख, सेकंदाला ४४. हा परिच्छेद वाचून संपेपर्यंत हजारभर माणसे कुठल्या ना कुठल्या रेषेपलीकडे गेलेली असतील.

समजा, या सगळ्यांसाठी जगात एकच खिडकी आहे. आत बसलेला अधिकारी कमालीचा चपळ, माणशी फक्त अर्धा मिनिट घेतो. जेवत नाही, झोपत नाही, सुट्टी नाही. एका वर्षाच्या प्रवाशांची रांग संपवायला त्याला सुमारे १,३३० वर्षे लागतील. आज ती रांग संपायची असेल तर पहिला माणूस बदामीचे चालुक्य राज्य करत होते तेव्हा उभा राहिलेला असायला हवा. यात परतीचा प्रवास धरलेला नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येणारेही धरलेले नाहीत, कारण मोजणी फक्त मुक्काम करणाऱ्यांची आहे. अर्थात या १४० कोटींतल्या सगळ्यांचे पासपोर्ट कोणी उघडून पाहत नाही. ते पुढे येईल.

आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस साडेनऊ कोटींहून जास्त लोकांकडे पासपोर्ट होता. ऐकायला प्रचंड, पण चौदापैकी तेरा भारतीयांकडे तो नव्हता. केरळ आणि महाराष्ट्र या दोन राज्यांत प्रत्येकी एक कोटीहून अधिक. अमेरिकेत आपल्या चौथ्या हिश्श्याएवढी माणसे, पण चालू पासपोर्ट २०२३ मध्ये १६ कोटींच्या घरात. एक पुस्तिका १२५ मिलिमीटर लांब आणि ८८ मिलिमीटर रुंद असते, जगात कुठेही. आपले साडेनऊ कोटी पासपोर्ट फरशीसारखे शेजारी शेजारी मांडले तर दादरच्या शिवाजी पार्कसारखी नऊ मैदाने झाकली जातील.

पण मला मोठ्या आकड्यांपेक्षा जमिनीचा एक छोटा तुकडा जास्त चक्रावून टाकतो. त्याचे नाव दहला खागडाबाडी. क्षेत्रफळ सुमारे ७,००० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने एकोणसत्तर-सत्तर गुंठे. पावणेदोन एकराचे रान. २०१५ च्या जुलै अखेरपर्यंत हे रान भारताचे होते. त्याला चारी बाजूंनी वेढणारे गाव बांगलादेशाचे. त्या गावाला वेढणारी जमीन पुन्हा भारताची. आणि त्या जमिनीभोवती बांगलादेश. भारतात बांगलादेश, त्यात भारत असे नव्हे. त्याच्याही एक पायरी आत. जगात असा तिहेरी वेढा दुसरा नव्हता.

ही भानगड कूचबिहार आणि रंगपूरच्या भागात होती. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावे पणाला लावत आणि हरत, अशी तिकडची दंतकथा. दंतकथा छान आहे, पण मूळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगल आणि कूचबिहार यांच्यात झालेल्या तहात आहे. ज्याच्या ताब्यात जो तुकडा होता तो त्याच्याकडे राहिला. दोघांचेही मुलूख पुढे इंग्रजांच्या छत्राखाली आले तोवर कोणाला फरक पडत नव्हता. १९४७ ला रंगपूर पाकिस्तानात गेले, १९४९ ला कूचबिहार संस्थान भारतात आले, आणि शेतांचे तुकडे देशांचे तुकडे झाले. तिकडे त्यांना छिटमहल म्हणत. भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात आणि बांगलादेशाचे ५१ भारताच्या पोटात.

१५ ऑक्टोबर १९५२ ला भारत आणि पूर्व पाकिस्तान यांच्यात पासपोर्ट-व्हिसाची पद्धत सुरू झाली. त्या तारखेनंतर छिटमहलातल्या माणसाची अवस्था बघा. बाजार गावाबाहेर, म्हणजे परदेशात. तिथे जायला पासपोर्ट हवा. पासपोर्टचे कार्यालय आपल्या देशात, आणि आपल्या देशात जायला आधी परदेश ओलांडायला हवा. परदेश ओलांडायला पासपोर्ट हवा, व्हिसा हवा. तो कुठे मिळणार? कार्यालयात. दहला खागडाबाडीतून निघून मुख्य भारतात नियमाने पोचायचे तर चार आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडाव्या लागत. शेतात कोणी राहत नसे, एवढेच बरे. ते कसणारा शेतकरी शेजारच्या, म्हणजे बांगलादेशी, गावातला. रोज सकाळी बांधावर पाय ठेवला की त्याचे परदेशगमन व्हायचे. संध्याकाळी खांद्यावर विळा टाकून तो मायदेशी परतत असणार.

लोक अर्थातच चालत होते, बाजाराला जात होते, पोरे खोटा पत्ता देऊन पलीकडच्या शाळेत घालत होते. म्हणजे आयुष्यभर रोज गुन्हा करत होते. १९७४ साली इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांच्यात अदलाबदलीचा करार झाला. अंमलात यायला एकेचाळीस वर्षे गेली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री १६२ तुकडे ज्याच्या पोटात होते त्याचे झाले. ५१,५४९ माणसांना देश निवडता आला. त्यांतल्या बहुतेकांनी आहे तिथेच राहून देश बदलला. भारतीय तुकड्यांतल्या ३७ हजारांवर लोकांपैकी घरदार उचलून भारतात आले ते हजाराच्या आतच. मला हे फार समजूतदारपणाचे वाटते. जिथे विहीर, जिथे आंब्याचे झाड, तो देश.

एक तुकडा मात्र राहिलाच. दहग्राम-अंगरपोता. तिथल्या बांगलादेशी लोकांसाठी भारताने आपल्या जमिनीतून तीन बिघा नावाची वाट दिली आहे. लांबी १७८ मीटर, रुंदी ८५. १९९२ ला ती उघडली तेव्हा ठरावीक तासांपुरती, २०११ पासून चोवीस तास. दोन-अडीच मिनिटांचे चालणे. तेवढा वेळ बांगलादेशी माणूस पासपोर्टविना भारताच्या भूमीवर असतो. वाटेच्या उजवी-डावीकडे भटकायचे नाही.

हे सारे कधीपासून? फार जुने नाही. राजाचे अभयपत्र, दस्तक, परवाना या गोष्टी पूर्वापार आहेत. पण सामान्य माणसाला सीमेवर थांबवून पुस्तिका मागायची सक्ती पहिल्या महायुद्धातली. १९१४ च्या आधी युरोपातल्या बहुतेक देशांत रेल्वेचे तिकीट काढले की झाले. युद्ध सुरू झाल्यावर हेरांच्या भीतीने दारे लागली. युद्ध संपले, दारे लागलेलीच राहिली. १९२० च्या ऑक्टोबरात राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली आणि पुस्तिकेचा नमुना ठरवला, ३२ पानांचा. हे तात्पुरते आहे, पुढेमागे पासपोर्टच बंद करू, अशी त्या मंडळींची इच्छा होती. शंभर वर्षांवर झाली. तात्पुरत्या गोष्टींचे आपल्याकडे जे होते तेच तिकडेही झाले. दोन वर्षांनी रशियातून परागंदा झालेल्या, कुठल्याच देशाचे न उरलेल्या लोकांसाठी नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या नावाचा पासपोर्ट निघाला. सुमारे साडेचार लाख लोकांनी तो वापरला. त्यांत चित्रकार शागाल होते आणि संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीही.

हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा १९२० ला आला. तो बाहेरून येणाऱ्यांसाठी. भारतातून बाहेर जाणाऱ्याला पासपोर्ट मिळणे हा हक्क की सरकारची मेहेरबानी, हे १९६७ पर्यंत ठरलेलेच नव्हते. त्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग साहनी खटल्यात निकाल दिला की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायदा नसताना सरकार मनमानीने पासपोर्ट नाकारू शकत नाही. पाच न्यायाधीश, तिघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या. तेव्हा सरकारला घाईने वटहुकूम काढावा लागला आणि २४ जून १९६७ ला पासपोर्ट कायदा आला. एका न्यायमूर्तीचे मत इकडचे तिकडे झाले असते तर? विचार करून पाहावा. आणि कोकणातल्या जुन्या मंडळींना हेही आठवत असेल की १९६१ च्या डिसेंबरपर्यंत सावंतवाडीहून पेडण्याला जाणे म्हणजेसुद्धा पोर्तुगालच्या राज्यात जाणे होते.

याच्या उलट टोक युरोपात आहे. १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, पाच देशांनी आपापसातली तपासणी उठवायचा करार केला. आज त्यात २९ देश आहेत. ४५ कोटी लोक, आणि रोज सुमारे ३५ लाख जण त्यांच्या आतल्या सीमा ओलांडतात. लिस्बनहून टॅलिनपर्यंत चार हजार किलोमीटरहून जास्त गाडी हाकली तरी वाटेत नाके नाही, असा मूळ बेत. अलीकडे काही देशांनी 'तात्पुरती' तपासणी पुन्हा सुरू केली आहे. तात्पुरतीचा अर्थ वर आलाच आहे. नेदरलँड्सच्या बार्ले गावात बेल्जियमचे २२ तुकडे आहेत आणि त्यांच्या आतबाहेर नेदरलँड्सचे आठ. म्हणजे युरोपातले छिटमहलच. सीमारेषा घरांमधून, हॉटेलांमधून जाते, फरसबंदीवर पांढऱ्या फुल्यांनी आखलेली. माणसे त्यावर एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढतात. कूचबिहारच्या शेतकऱ्याला त्याच पवित्र्यात अटक होऊ शकली असती.

मात्र आपल्या लोकांची इथे एक गफलत होते. पासपोर्ट तपासत नाहीत म्हणजे लागत नाही, असे नव्हे. भारतीय माणसाने पॅरिसहून ब्रुसेल्सला जाताना तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नये. अमेरिका आणि कॅनडा यांच्या ८,८९१ किलोमीटरच्या सीमेवरही अशीच ढिलाई होती. अमेरिकन माणूस ड्रायव्हिंग लायसन्स आणि जन्मदाखला दाखवून परत येई. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर २००४ साली कायदा झाला. विमानाने येणाऱ्यांना २००७ पासून आणि रस्त्याने येणाऱ्यांना जून २००९ पासून पासपोर्ट किंवा त्याच्या तोडीचा कागद लागू लागला. सोळा वर्षांखालच्या मुलांना रस्त्याने येताना जन्मदाखला अजून पुरतो.

आणि रोज ये-जा करणाऱ्यांचे काय? मलेशियातल्या जोहोरहून सिंगापूरला जाणारा बांध एक किलोमीटरच्या किंचित वर लांब. त्यावरून दिवसाला साडेतीन लाखांच्या आसपास माणसे जातात-येतात. एका माणसाचा रोजचा हिशेब मांडू: निघताना एका देशाचा शिक्का, पोचल्यावर दुसऱ्याचा, संध्याकाळी पुन्हा दोन. चार शिक्के. शिक्क्यांसाठी तीस पाने मोकळी, पानाला सहा शिक्के धरले तर १८० शिक्क्यांत पुस्तिका भरली. पंचेचाळीस दिवस! दर दीड महिन्याला नवा पासपोर्ट काढायची पाळी येईल. म्हणून तिथे यंत्रे आली, शिक्के गेले, आणि २०२४ पासून सिंगापूरच्या नाक्यावर मोबाइलवरचा क्यूआर कोडही चालू लागला.

यंत्र वाचते ते आपल्या फोटोच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी. प्रत्येकीत ४४ खाने, एकूण ८८. पहिल्या ओळीतले पाच खाने दस्तऐवजाचा प्रकार आणि देश सांगण्यात जातात, नावाला उरतात ३९. इंग्रज माणसाला ते पुष्कळ. आपल्याकडे नावाच्या जोडीला वडिलांचे नाव. चंद्रशेखर लक्ष्मीकांत कुलकर्णी असा कोणी असेल तर रोमन अक्षरांत ३६ खाने भरतात, निभावते. तेच आडनाव सहस्रबुद्धे असेल तर ४१ होतात. जगातल्या प्रत्येक विमानतळावर या गृहस्थांची दोन अक्षरे कापली जाणार.

दुसऱ्या ओळीत पासपोर्टचा क्रमांक असतो आणि त्याच्या पाठोपाठ एक जादा अंक. तो कशाचा? आपला पासपोर्ट काढा आणि करून बघा. ए १२३४५६७ हा कल्पित क्रमांक घेऊ. ए म्हणजे १०, बी ११, असे पुढे झेड ३५ पर्यंत. आता डावीकडून ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ असे गुणत जायचे: ७०, ३, २, २१, १२, ५, ४२, २१. बेरीज १७६. शेवटचा अंक ६, तोच तो जादा अंक. कारकुनाने घाईत १२ च्या जागी २१ टाइप केले तर बेरीज १७८ होते, ८ येतो, यंत्र ओरडते. पण १ आणि ६, २ आणि ७, म्हणजे पाचाचा फरक असलेले शेजारचे अंक उलटे पडले तर बेरीज नेमकी दहाच्या पटीत सरकते आणि चूक निसटून जाते. कागदावर करून पाहा, मजा येते. जन्मसालासाठी दोनच खाने आहेत; १९२४ साली जन्मलेल्या आजी आणि २०२४ सालची पणती, दोघींचे २४च.

आपली कोरी पुस्तिका छापली जाते नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. नाव आणि फोटो त्यावर पासपोर्ट कार्यालयात चढतो. साधी पुस्तिका ३६ पानांची, फी १,५०० रुपये. फिरतीवरच्यांसाठी ६० पानांची, २,००० रुपये. चिप बसवलेला नवा पासपोर्ट २०२४ च्या एप्रिलपासून ज्या कार्यालयांत प्रायोगिक सुरू झाला त्यांत नागपूर आणि गोवाही होते. ती चिप कोणालाही उघडत नाही. तिची किल्ली त्याच तळाच्या ओळीत असते: क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपायची तारीख.

तेवढी ती शेवटची तारीख आत्ताच बघून ठेवा. पासपोर्ट दहा वर्षांचा असला तरी अनेक देश सहा महिने शिल्लक असल्याशिवाय विमानात बसू देत नाहीत. म्हणजे तो साडेनऊ वर्षांचाच धरायचा. आणि नेपाळला निघाला असाल तर काकूंसारखे मतदार ओळखपत्र घ्या, पण मुठीत धरून बसू नका.